काका, सेट परत करण्याआधी कपाटावरचा स्पीकर खाली उतरवा

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया कालपासून तीनदा वाचली. तुम्ही मला 'मुली' म्हणून हाक मारलीत, म्हणून मीही काकाच म्हणते. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. छोट्या स्टीरिओवरचा माझा लेख वाचून तुम्ही १४ हजार रुपये घालून दोन सुट्या स्पीकरांचा सेट आणलात. हॉल १० बाय १२ फुटांचा. एक स्पीकर टीव्हीशेजारी शोकेसच्या कोपऱ्यातल्या कप्प्यात ठेवला, दुसरा जागा मिळेना म्हणून लोखंडी कपाटावर. मग बालगंधर्वांचं पद लावलं. गळा 'विहिरीतून आल्यासारखा' आणि तोही नुसता टीव्हीकडून आला, पुढे भजन लावलं तर तबल्याचा बाया सगळ्या घरभर घुमला. 'यापेक्षा नातवाचा ब्लूटूथचा डबा बरा,' असं तुम्ही लिहिलंत. आणि शेवटी प्रश्न विचारलात की ती रेकॉर्डिंगं मुळात मोनो (सगळा आवाज एकाच वाटेने भरलेला), मग दोन डबे हवेत कशाला? लोकांना उगाच खर्चात का पाडता?

रागावण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. माझा तो लेख मी पुन्हा वाचला. काय घ्यावं यावर त्यात सहा परिच्छेद आहेत, आणि घरी आणल्यावर तो ठेवायचा कुठे यावर एकच वाक्य: 'स्पीकर योग्य अंतरावर ठेवा.' योग्य म्हणजे किती, ते लिहिलंच नाही. चूक माझीच आहे. ज्या गोष्टीला एक रुपया लागत नाही आणि जिच्यावर सगळं अवलंबून असतं, तीच मी गाळली.

तेव्हा आधी तुमच्या मोनोच्या मुद्द्याकडे येते, कारण तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. बालगंधर्वांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या मोनोच आहेत, यात वादच नाही. अ‍ॅलन ब्लमलाइन या इंग्रज इंजिनिअरने स्टीरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला तो १९३१ च्या डिसेंबरात, आणि स्टीरिओ तबकड्या बाजारात रुळल्या त्या १९५८ पासून पुढे. आपल्याकडे तर त्यानंतरही कित्येक वर्षं बहुतेक गाणी मोनोच निघत होती. म्हणजे तुमच्या-माझ्या आवडीचं निम्म्याहून जास्त गाणं मोनो आहे. पण काका, दोन स्पीकर नीट लागले आहेत की नाहीत, हे ओळखायला मोनो रेकॉर्डिंगसारखी परीक्षा नाही. दोन्ही डब्यांतून तंतोतंत तोच आवाज निघतो. तो दोन्ही कानांवर एकाच वेळी, सारखाच पडला, की मेंदू त्याचा उगम बरोबर समोर ठरवतो. मधे नुसती भिंत असते आणि गळा त्या भिंतीपाशी उभा राहतो. ना डावीकडे, ना उजवीकडे. पहिल्यांदा हे घडलं तेव्हा मी उठून मधल्या रिकाम्या जागेवर हात फिरवून पाहिला होता.

तुमच्याकडे गळा टीव्हीकडून येतो, त्याचं कारण इथेच आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक फूट जायला त्याला एक हजारांश सेकंदही लागत नाही. तरी एवढ्या फरकानेसुद्धा आपला कान जो आवाज आधी आला त्याच्याच बाजूला झुकतो. तुमचा एक स्पीकर खुर्चीपासून पाच फुटांवर असेल आणि कपाटावरचा नऊ फुटांवर, तर दुसरा वाजत असूनही नसल्यासारखाच. वर तो छताजवळ आणि कानापासून दूर. ट्वीटर, म्हणजे वरचा लहान गोल, त्यातून येणारा बारीक आवाज सरळ रेषेत जातो. तो तुमच्या डोक्यावरून समोरच्या भिंतीवर आपटतो आणि मग उशिरा परत येतो. विहीर म्हणालात ना, ती बहुधा हीच.

आता घुमण्याबद्दल. हा दोष शोकेसच्या कोपऱ्याचा आहे. खर्जाचा आवाज डब्यातून सगळ्या दिशांना पसरतो. मागे भिंत, बाजूला भिंत, खाली फळी, असे तीन अडसर जवळ आले की तो पसरायच्या ऐवजी त्यांच्यावरून उलटून पुढे जाणाऱ्या आवाजात मिसळतो आणि खर्ज फुगतो. त्यात १२ फुटांच्या खोलीला स्वतःचाही एक सूर असतो, साधारण ४७ हर्ट्‌झच्या आसपास. त्या जवळपासचं काहीही वाजलं की खोलीच गाते. तुमच्या स्पीकरच्या पाठीला गोल भोक आहे का बघा. असेल तर हवा तिथून आत-बाहेर होते, आणि बंद कप्प्यात ते भोक भिंतीला चिकटलं की बाया 'धुम्म' होणारच. हलवणं शक्यच नसेल, तर त्या भोकात एक जुना मोजा गुंडाळून हलकेच बसवा, घुमणं बरंच उतरतं.

पण हलवणं शक्य आहे असं मला वाटतं, म्हणून माझ्या डोक्यात आहे तशी तुमच्या हॉलची मांडणी सांगते. १२ फुटांची भिंत समोर घ्या. दोन्ही स्पीकर त्या भिंतीपासून निदान एक फूट पुढे, एकमेकांपासून सहा फुटांवर. तुमची बसायची जागा दोघांपासून सारखीच सहा फूट. सुतळीचा एक तुकडा घेऊन मोजा, मोजपट्टीपेक्षा सोपं जातं आणि सारखेपणा लगेच कळतो. दोन्ही डबे किंचित आत वळवा, इतके की त्यांची नजर तुमच्या डोक्याच्या जरा मागे एकमेकींना छेदेल. उंचीला मात्र नुसता आकडा सांगून भागत नाही. पुस्तकांत लिहिलेली उंची सोफ्यावर बसणाऱ्यांची असते, कान जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर. तुम्ही लिहिलंत की तुम्ही खाली बैठकीवर, तक्क्याला टेकून ऐकता. तसं बसल्यावर कान जेमतेम अडीच फुटांवर येतो. म्हणून ट्वीटर तेवढ्याच उंचीवर आणा. दोन प्लास्टिकची स्टुलं पुरतात, किंवा एकावर एक विटा रचून वर पाट. डब्याखाली जुन्या रबरी चपलेच्या तळाचे चार चौकोन कापून ठेवा, म्हणजे स्टूल स्वतः थरथरत नाही.

हे सगळं करण्याआधी एक गोष्ट पाच मिनिटांत तपासून घ्या: मागच्या वायरी. सेटच्या पाठीला लाल आणि काळी अशा दोन-दोन खिट्ट्या असतात, स्पीकरलाही तशाच. लालची वायर लालला, काळीची काळीला. एकाच स्पीकरला त्या उलट्या लागल्या, तर एकाचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो, आणि दोन्ही आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. खर्ज पातळ होतो, गळ्याला जागाच राहत नाही, तो हवेत पसरल्यासारखा वाटतो. माझ्या बहिणीकडे दुकानातून आलेल्या माणसाने असंच जोडून दिलं होतं. ती दोन वर्षं 'मला स्टीरिओ कळत नाही' म्हणत होती. वायर फिरवली आणि ती गाणं संपेपर्यंत बोलली नाही. तिची ती दोन वर्षं मला आजही बोचतात, म्हणून तुम्हाला इतक्या आग्रहाने सांगते आहे. वायरी काढ-घाल करताना सेट बंद हवा, आणि तारेचा एकही सुटा धागा शेजारच्या खिट्टीला लागू देऊ नका, नाहीतर सेटच जळायचा.

वायर आखूड पडेल, कारण अशा सेटबरोबर फार लांब वायर देत नाहीत. इलेक्ट्रिकच्या दुकानात दोन पदरी तांब्याची १.५ चौरस मिलिमीटरची लवचीक वायर मीटरवर मिळते, ती घ्या. पाच मीटर वायरीचा जाऊन-येऊन रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, सुमारे ०.१२ ओहम, आणि स्पीकर ६ किंवा ८ ओहमचा, म्हणजे वायरीत वाया जातं ते अगदी थोडं. त्यामुळे कुणी जाडजूड महागडी वायर गळ्यात मारू लागला तर घेऊ नका.

सेटवरची ती 'बास'ची, 'रॉक'ची, 'सराउंड'ची बटणं सगळी बंद करा. फोनमधला साउंड इफेक्टही. 'सराउंड' तर मुद्दाम दोन बाजूंच्या आवाजांत फरक करतं, म्हणजे मोनो गळ्याचा सगळ्यात मोठा शत्रू. आणि खोक्यावर पीएमपीओ म्हणून छापलेला हजारो वॅटचा आकडा विसरून जा. तो क्षणभराचा फुगवलेला आकडा असतो, आरएमएस म्हणजे सतत देता येणारे वॅट बघायचे. एरवीच्या गप्पांहून थोड्या मोठ्या आवाजात ऐकताना सहा फुटांवर एक वॅटही खर्च होत नाही. २० चे ४० वॅट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. ज्या १४ हजारांबद्दल तुम्ही हळहळता आहात, त्यात वॅट पुरेसे आहेत, एवढं नक्की.

शहाबादी असो की नवी चकचकीत टाइल, आपल्या हॉलची फरशी कडक असते. खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. मागे 'टिर्र' असा बारीक नाद ऐकू आला, तर स्पीकर आणि तुमच्यामध्ये सतरंजी, किंवा त्याहून बरी घरातली जुनी गोधडी पसरा. गोधडीचे थर आवाज चांगला पितात. खिडकीला जाड पडदा असेल तर ऐकताना ओढून घ्या.

नातवाच्या ब्लूटूथच्या डब्याबद्दल मला काहीही वाईट बोलायचं नाही. माझ्याही ओट्यावर एक आहे, आणि पोळ्या लाटताना सकाळची गाणी मी त्यावरच ऐकते. तो कुठेही ठेवा, जवळपास सारखाच वाजतो, आणि वाईट जागी ठेवलेल्या दोन स्पीकरांपेक्षा खरोखर बरा वाजतो. या बाबतीत तुमचा कान बरोबर आहे. पण त्याच्या आत दोन स्पीकर असले तरी ते वीतभर अंतरावर असतात. मैफलीचं स्टीरिओ रेकॉर्डिंग त्यावर लावलं तर गवई, मागचे दोन तानपुरे, एका अंगाला तबला, दुसऱ्या अंगाला पेटी, सगळे एका पाटावर दाटीवाटीने बसलेले ऐकू येतात. सुट्या स्पीकरांवर तेच लोक आपापल्या जागी जाऊन बसतात, आणि दोन तानपुऱ्यांची जवारी, म्हणजे तारांची ती भरलेली झणझण, गळ्याखाली न दबता त्याच्या दोन्ही कडांनी ऐकू येते. माझ्यासाठी स्टीरिओ घ्यायचं कारण एवढंच आहे, तानपुरा ऐकू यावा. तो नीट ऐकू आला की गवई षड्जावर कुठून येतो आणि तिथे किती टेकतो, ते कळतं. हे 'साहेबांच्या ऑर्केस्ट्र्यासाठी' आहे असं तुम्ही म्हटलंत, तिथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. आपलं गाणं जितकं कमी वाद्यांचं, तितकी त्यातल्या प्रत्येकाची जागा मोलाची.

तुमच्या जुन्या डेकचे स्पीकर माळ्यावर आहेत आणि तेच लावावेत का, असंही तुम्ही ओझरतं विचारलंत. खाली काढून वूफरच्या, म्हणजे मोठ्या गोलाच्या, पडद्याभोवतीची कड बोटाने हलकेच दाबून बघा. रबरी असेल तर बहुधा शाबूत असेल. फोमची असेल तर आपल्या दमट हवेत वीस-पंचवीस वर्षांत ती बहुधा भुगा होऊन हातात येईल. बाबांच्या सेटची तशीच आली. अशी कड बदलून देणारे कारागीर अजून आहेत, त्यामुळे ते डबे भंगारात घालू नका.

तर आज संध्याकाळी आधी वायरी बघा, मग कपाटावरचा डबा उतरवा, सुतळीने मोजा, आणि तेच बालगंधर्वांचं पद पुन्हा लावा. डोळे मिटून गळा जिथून येतोय तिकडे बोट दाखवा आणि मग डोळे उघडा. बोट दोन स्पीकरांच्या मधे असेल तर काम झालं. एका बाजूला झुकलं असेल तर त्या बाजूचा डबा चार बोटं मागे घ्या आणि पुन्हा ऐका. दुकानदाराने परत घ्यायची मुदत दिली असेल तर तिचे किती दिवस उरलेत तेही मला इथेच कळवा. गळा मधे आलाच नाही, तर परत करा असं मीच म्हणेन.