अहवालात जे लिहिलेलंच नाही

'एअर इंडिया १७१ चा तपास लागला. कॅप्टननेच इंधन बंद केलं हे अहवालात आलंय. आता त्यांचे वडील भरपाईसाठी कोर्टात गेलेत. सरकारी तपासावर शंका घेणं म्हणजे देशाची बदनामी.' अशा आशयाचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. १२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या त्या विमान अपघातात विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९, असे २६० जीव गेले. कॅप्टन मुंबईचे, कर्मचाऱ्यांत पनवेल-डोंबिवलीकडची तरुण मुलंमुली. हा मजकूर त्यांच्या घरच्यांच्या फोनवरही जात असणार. म्हणून त्यातलं एकेक वाक्य तपासून पाहू.

कॅप्टननेच केलं असं अहवालात आहे का? नाही. १२ जुलै २०२५ ला एएआयबीने, म्हणजे अपघात तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, प्राथमिक अहवाल दिला. तो १५ पानांचा आहे, कोणालाही वाचता येतो. विमान हवेत झेपावताच इंधनाचे दोन्ही स्विच सेकंदाच्या अंतराने 'रन'वरून (चालू) 'कटऑफ'वर (बंद) गेले, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. ही नोंद नाकारण्यात अर्थ नाही. एक वैमानिक दुसऱ्याला इंधन का बंद केलं असं विचारतो आणि दुसरा आपण केलं नाही म्हणतो, हेही त्यात आहे. पण विचारणारा कोण आणि उत्तर देणारा कोण, हे नाही. त्यांच्या तोंडचे शब्दही नाहीत, नुसता सारांश आहे. साधारण १० सेकंदांनी एक स्विच परत 'रन'वर आला आणि आणखी ४ सेकंदांनी दुसरा. म्हणजे कोणीतरी विमान वाचवायला धडपडत होतं. ते कोण, हेही अहवाल सांगत नाही.

उड्डाण सहवैमानिक करत होते, कॅप्टन देखरेखीला होते. 'म्हणजे कॅप्टनचेच हात मोकळे होते' असा तर्क त्यावरून लढवला जातो. तो फक्त तर्क आहे. कॅप्टनकडे बोट दाखवणारी बातमी एका अमेरिकी वृत्तपत्राने निनावी सूत्रांच्या हवाल्याने दिली, तेव्हा खुद्द एएआयबीने अशा निवडक, पडताळणी न केलेल्या बातम्यांवर जाहीर आक्षेप घेतला होता.

'ते मानसिक तणावात होते' ही जोडही काही जण देतात. दोन्ही वैमानिकांना पुरेशी विश्रांती मिळाली होती आणि ते उड्डाणासाठी तंदुरुस्त आढळले, असं अहवाल सांगतो. एका मृत माणसाचं घरगुती आयुष्य उकरून त्यात हेतू शोधणं हा तपास नव्हे, आणि मला ते क्रूर वाटतं.

स्विचचं काय? अशा स्विचमधली चुकून सरकू न देणारी कुलपाची सोय निकामी असू शकते, ती तपासून घ्या, अशी सूचना एफएए या अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेने २०१८ मध्ये काढली होती. ती सक्तीची नव्हती, आणि या विमानात ती तपासणी झाली नव्हती. दुसरी बाजूही सांगायला हवी: अपघातानंतर एअर इंडियाने आपल्या बोइंग ७८७ प्रकारच्या विमानांचे स्विच तपासले, त्यांत दोष सापडला नाही. त्यामुळे स्विच बिघडला होता असं मी म्हणणार नाही. पण सक्ती नव्हती म्हणून तपासणी राहिली, ही व्यवस्था बरोबर होती का, हे कोणी तपासायचं? नियमनाचं काम डीजीसीएचं, म्हणजे भारताच्या विमान नियामक संस्थेचं. डीजीसीए आणि एएआयबी, दोन्ही एकाच नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली. वडिलांचा मुख्य आक्षेप इथेच आहे.

आणि 'भरपाईसाठी'? कॅप्टनच्या वडिलांनी वैमानिकांच्या संघटनेसह केलेल्या याचिकेतली मागणी आहे सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली, स्वतंत्र तज्ज्ञांसह तपासाची. विमान अपघातात ज्या आंतरराष्ट्रीय मॉन्ट्रियल कराराने भरपाई मिळते तो प्रवाशांसाठी आहे, कर्मचाऱ्यांसाठी नाही. नव्वदीच्या या बापाला मुलाच्या नावावरचा डाग पुसायचा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयानेही त्यांना सांगितलं की मुलावर दोष येतोय हे ओझं तुम्ही वागवू नका, आणि याचिकेवर नोटीस काढली.

राहिली 'बदनामी'. १९९४ मध्ये स्कॉटलंडच्या मल ऑफ किंटायरवर ब्रिटिश हवाई दलाचं चिनूक हेलिकॉप्टर कोसळून २९ जण गेले. पूर्ण खात्री असल्याशिवाय मृत वैमानिकाला निष्काळजी ठरवायचं नाही, हा त्या हवाई दलाचाच नियम. तरीही दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांनी दोन्ही वैमानिकांवर घोर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला. वैमानिकांचे वडील वर्षानुवर्षं लढले. अखेर २०११ मध्ये लॉर्ड फिलिप यांच्या फेरआढाव्यानंतर ठपका रद्द झाला आणि संरक्षणमंत्र्यांनी माफी मागितली. न्यूझीलंडचं विमान १९७९ मध्ये अंटार्क्टिकातल्या एरेबस पर्वतावर आदळलं, त्या अपघातातही सरकारी तपासनिसाने वैमानिकांना दोषी धरलं होतं. न्यायमूर्ती माहोन यांच्या आयोगाने १९८१ मध्ये दाखवून दिलं की संगणकातला मार्ग कंपनीने बदलला होता आणि वैमानिकांना कळवलंच नव्हतं. हे प्रश्न विचारून त्या देशांची बदनामी झाली नाही.

अपघाताचा तपास दोष ठरवण्यासाठी नसतो, पुढचे अपघात टाळण्यासाठी असतो, असं आंतरराष्ट्रीय नियमच सांगतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयातही हेच बोललं गेलं. त्या विमानातला आवाज कोणाचा होता याचा पुरावा असेल, तर तो आधी एका स्वतंत्र न्यायाधीशासमोर ठेवा. तोवर हा मजकूर पुढे पाठवू नका, आणि ज्याने पाठवला त्याला ती १५ पानं पाठवा.