पुड्यातला पास्ता नकली नसतो

‘घरी अस्सल इटालियन करायचा नाद सोडा’ अशा अर्थाचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर आणि रील्समध्ये वेगवेगळ्या रूपांत फिरत असतो. सार साधारण असं: खरा पास्ता ताजा, अंड्यात मळलेला, पुड्यातला म्हणजे नकली. शिजवताना पाण्यात तेल घाला, मग गार पाण्याखाली धुवा. सॉसमध्ये क्रीम, भरपूर लसूण आणि ओरेगॅनो हवंच. पार्मेजान चीज मिळत नसेल तर वाटेलाच जाऊ नका. लाकडाच्या भट्टीशिवाय पिझ्झा नाही. तेव्हा गुपचूप रेस्टॉरंटात जा. यातला भट्टीचा मुद्दा बराचसा खरा आहे. बाकीचे टिकत नाहीत.

सगळ्यात मोठा घोळ पुड्यातल्या पास्त्याचा. इटलीत या दोन वेगळ्या परंपरा आहेत. उत्तरेकडे बोलोन्या आणि आसपासच्या एमिलिया-रोमान्या भागात मऊ गव्हाच्या पिठात अंडी घालून मळतात आणि लाटून पट्ट्या कापतात, तालियातेल्ले त्यातलाच. दक्षिणेत, नेपल्सजवळच्या ग्रान्यानोसारख्या गावांत, ड्युरम या कडक गव्हाचा रवा आणि पाणी एवढंच. तो साच्यातून काढायचा आणि वाळवायचा. भाकरी ही जशी पोळीची गरीब आवृत्ती नव्हे, तसाच हा मामला. नेपल्समधल्या घरात स्पॅगेटी करायची तर पुडाच उघडतात. १९६७ च्या कायद्याने इटलीत सुका पास्ता ड्युरमचाच असणं बंधनकारक केलं. म्हणून आपल्या दुकानात पुडा उचलताना मागची बाजू वाचावी. ड्युरमचा रवा लिहिलेला असेल तर घ्यावा. साधी सुजी किंवा मैदा असेल तर त्याचा लगदा होणार, आणि ‘आमच्याकडे पास्ता जमतच नाही’ ही तक्रार बहुतेकदा तिथूनच सुरू होते.

आता पाण्यातलं तेल. ते वर तरंगतं, पाण्यात मिसळत नाही आणि निथळताना पास्त्याला चिकटतं. मग सॉस त्यावरून घसरतो. चिकटू नये म्हणून करायचं ते इतकंच: भांडं मोठं घ्यायचं आणि पास्ता टाकल्यावर पहिली दोन मिनिटं ढवळायचं. इटालियन घरांतला ठोकताळा १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ असा आहे. मीठ मला अंमळ जास्त वाटतं, मी थोडं कमी घालते.

गार पाण्याखाली धुणं तर सरळ नुकसान. पास्त्यावरचा स्टार्च हीच सॉसला धरून ठेवणारी गोष्ट. पुड्यावर दिलेल्या वेळेच्या एक-दोन मिनिटं आधी पास्ता बाहेर काढायचा, थेट सॉसच्या कढईत टाकायचा, पास्ता उकळलेलं पाणी पळीभर घालायचं आणि आचेवरच हलवत राहायचं. सॉसमधलं तेल आणि ते पाणी एकजीव होऊन सॉसला दाटपणा येतो, क्रीमचा थेंबही न घालता. या सगळ्या विषयात शिकण्यासारखी एकच गोष्ट निवडायची झाली तर मी हीच निवडेन. थंड सॅलडसाठी पास्ता धुतात, तो अपवाद.

क्रीम, लसूण, ओरेगॅनो या त्रिकुटाबद्दल. रोमच्या कार्बोनारा पास्त्यात क्रीम नसतं. अंडं, पेकोरिनो चीज, मिरी आणि डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस असतं. अर्थात शुद्धतेचा बडेजाव करणाऱ्यांनाही एक आठवण करून द्यावी लागते. १९५४ मध्ये एका इटालियन पाकमासिकात छापलेल्या कार्बोनाराच्या कृतीत स्विस ग्रुयेर चीज आणि लसूण होता. आज पवित्र मानली जाणारी कृती नंतर घट्ट झाली. लसणाचं म्हणाल तर अनेक घरांत अख्खी पाकळी तेलात परतून काढून टाकतात. ओरेगॅनोला नेपल्सच्या मारिनारा पिझ्झ्यावर मान आहे (त्यावर चीज नसतंच), पण सगळ्याच पदार्थांवर ते भुरभुरायची रीत पिझ्झासोबत येणाऱ्या पुड्यांनी लावली. आपल्याकडचा व्हाइट सॉस पास्ता मला आवडतो; फक्त त्यावरून इटलीचे नियम काढू नयेत.

पार्मेजानचा धाक शाकाहारी घरांना तर आणखी अडचणीचा, कारण अस्सल पार्मिजानो रेज्जानो वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात आणि किमान १२ महिने मुरवतात. ते नसलं म्हणून काय अडतं? सिसिली आणि कालाब्रियात चीज न परवडणाऱ्यांनी पावाचा चुरा तेलात खरपूस भाजून पास्त्यावर घातला, आणि ती आज तिथली मानाची चव आहे. शिळा पाव आपल्याकडेही असतो.

भट्टीबाबत मात्र मजकूर लिहिणाऱ्याला बरेचसे गुण द्यायला हवेत. नेपल्सच्या भट्टीत ४५० अंशांच्या आसपास पिझ्झा दीड मिनिटाच्या आत होतो. घरचा ओव्हन २५० ला दमतो. पण इटलीतही लोक तो पिझ्झा बाहेरच खातात. घरी ते ट्रेमधला जाड पिझ्झा किंवा फोकाच्चा हा जाड पाव भाजतात, आणि तो आपल्या ओव्हनमध्येही छान होतो. रिसोतो हा इटालियन मऊ भातही तसाच हट्टी: आर्बोरिओ किंवा कार्नारोली तांदूळ लागतो, बासमतीने ते काम होत नाही.

‘रेस्टॉरंटात जा’ हा सल्ला तर उलट दिशेचाच. पेलेग्रिनो आर्तुसी यांनी १८९१ मध्ये फ्लॉरेन्समध्ये स्वखर्चाने पाककृतींचं पुस्तक छापलं. ते गृहिणींसाठी होतं, आणि वाचकांच्या पत्रांतून आलेल्या कृतींची भर पडत ४७५ वरून ७९० कृतींपर्यंत वाढलं. या पाककलेचा बराचसा साठा घरांतूनच आलेला आहे, तोही गरीब घरांतून.

साहित्यही तितकं परकं नाही. टोस्कानातल्या गार्फान्यानाचा फार्रो म्हणजे सांगली-साताऱ्याकडचा आपला खपली गहूच. त्याचं तिथलं सूप करायचं तर अख्खी खपली (दळलेली नव्हे) आणि चित्रा राजमा वेगवेगळे रात्रभर भिजत घाला. कांदा, गाजर, सेलरी ऑलिव्ह तेलात मंद आचेवर नरम होऊ द्या. राजमा कुकरमध्ये शिजवा, अर्धा घोटा, त्याच पाण्यात खपली आणि भाज्या टाका. पाऊण तास लागतो. मीठ शेवटी, आणि ताटलीत वाढल्यावर वरून कच्च्या ऑलिव्ह तेलाची धार. यात मसाला काहीही घालायचा नाही, जिरंसुद्धा नाही.