धार कोण काढणार?

मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर. या महिन्यांच्या पहिल्या सोमवारी दुपारी तीनला स्वीडनभर भोंगे वाजतात. चाचणी असते. ऑफिसात कुणी मानही वर करत नाही; पहिल्यांदा मी मात्र ताडकन उभी राहिले होते.

७ मे २०२५ ला भारतात नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल झाली. त्याच सकाळी ऑपरेशन सिंदूरची माहिती देताना कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंह टीव्हीवर दिसल्या आणि आमच्या घरच्या ग्रुपवर जुंपली. कुणी ‘रणरागिणी’ म्हणून हार घातले, कुणी ‘बायकांना सीमेवर धाडायचं का?’ म्हणून फटकारलं. भांडणाऱ्या दोघांच्याही डोळ्यांपुढे बंदूकच होती.

इथे शेजारच्या बाई पन्नाशीच्या, हिशेबनीस. १९२४ पासून चालत आलेल्या ‘लोट्टा’ या महिला संघटनेत त्या वायरलेस शिकतात. कुणी फौजेचा स्वयंपाक शिकतं, कुणी मुख्यालयातलं कागदपत्रांचं काम. पराक्रम म्हणावा असं त्यात काही नाही, आणि मला तेच आवडतं. ‘निळा तारा’ नावाची आणखी एक संघटना आहे. दुसऱ्या महायुद्धात स्वीडन लढला नाही, तरी गडीमाणसं सीमा राखायला सैन्यात गेली, पण गायी थोड्याच थांबणार? तिच्या बायका गोठ्यांत जाऊन धारा काढत. युद्धात देश उभा राहतो तो अशाही कामांवर, आणि ती शांततेतच शिकावी लागतात. इथे राहणाऱ्या १६ ते ७० वयाच्या प्रत्येकावर संरक्षणाची जबाबदारी आहे; परदेशी असले तरी माझ्यावरसुद्धा.

आता, १८१४ नंतर युद्धच न लढलेल्या देशातून शहाणपण शिकवणं सोपं आहे, हे कळतं मला. १९७१ मध्ये आजीने मुंबईत खिडक्यांना काळे कागद चिकटवले होते. तिला कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं. नागरी संरक्षणाचा कायदा तर आपल्याकडे १९६८ चा आहे. अडतं ते रविवारच्या सकाळी. शेजारीणबाई सरावाला जातात तेव्हा नवरा भांडी घासतो, आणि त्याचं कुणाला कौतुक वाटत नाही.

ग्रुपवर वहिनीने विचारलं, “असं प्रशिक्षण आपल्याकडे कुठे मिळतं?” दादाचं उत्तर लगेच आलं, “त्या दिवशी आम्ही जेवायचं काय?” खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. वहिनी तिथे काही बोलली नाही. रात्री मला एकटीला तिचा मेसेज आला, “नाव कुठे नोंदवायचं, तेवढं शोधून दे.”