हायड्रॉलिक लिफ्टरचा तळ पॉलिश पेपरवर घासू नका

घरी इंजिन खोलणाऱ्यांसाठी म्हणून एक संदेश सध्या फिरतो आहे. लिफ्टर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हकडे पोचवणारे आणि आतल्या ऑइलच्या जोरावर मधली फट भरून काढणारे इंजिनाचे छोटे भाग) टिकटिक करत असतील तर नवे घेऊ नका, सगळे सुटे करून एकाच ट्रेमध्ये पेट्रोलमध्ये भिजवा, तळ पॉलिश पेपरवर घासून सपाट करा, ऑइल गच्च भरा आणि हवे तिथे बसवा, पुढचे ते आपोआप जुळवून घेतात, असे त्यात म्हटले आहे. माझ्या मावसभावाने तो मला पाठवला तेव्हा त्याचे लिफ्टर बाहेर निघालेलेही होते. म्हणून हे उत्तर तातडीने आणि काहीसे चिडूनच लिहितो आहे.

सर्वांत घातक सल्ला तळ घासण्याचा आहे. तळाशी रोलर, म्हणजे फिरते चाक, नसलेल्या साध्या लिफ्टरचा तळ सपाट दिसत असला तरी तो मुद्दाम मध्यभागी किंचित फुगीर घडवलेला असतो आणि हा फुगवटा जेमतेम दोन ते पाच शतांश मिलिमीटर असतो. दोन नवे लिफ्टर तळाला तळ लावून उजेडासमोर धरले तर कडेला बारीक फट दिसते आणि ते एकमेकांवर जरासे डुलतात. कॅमच्या लोबलाही, म्हणजे लिफ्टरला ढकलणाऱ्या उंचवट्यालाही, किंचित उतार दिलेला असतो. या दोन्हींमुळे लोब तळाच्या केंद्राला न टेकता थोडा बाजूला टेकतो, लिफ्टर चालता चालता स्वतःभोवती फिरत राहतो आणि झीज सगळ्या तळावर वाटली जाते. तळ सपाट केला की हे फिरणे बंद पडते, मग लोब आणि लिफ्टर एकाच रेघेवर एकमेकांना खरवडतात. असा लोब पहिल्यांदा इंजिन चालू केल्यावर काही मिनिटांतही बाद होऊ शकतो, आणि त्याचा कीस ऑइलबरोबर बेअरिंगांपर्यंत जातो. लिफ्टरचे पैसे वाचवायला निघालेल्या माणसाला कॅमशाफ्ट आणि नुकतीच बसवलेली बेअरिंगे पुन्हा घ्यावी लागतात. ज्या लिफ्टरचा तळ खोलगट झाला आहे किंवा ज्यावर खड्डे पडले आहेत, तो टाकूनच द्यावा. कॅमशाफ्ट नवा बसवत असाल तर साधे लिफ्टरही नवेच हवेत.

‘सगळे एकाच ट्रेमध्ये’ हा सल्लाही इतकाच बेफिकीर आहे. लिफ्टरचा बाहेरचा भाग आणि आतला प्लंजर (आत वरखाली सरकणारा दट्ट्या) कारखान्यात निवडून एकमेकांशी जुळवलेले असतात आणि त्यांच्यामधली फट काही मायक्रॉनच, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असते. दाबाखालचे ऑइल त्या फटीतून किती सावकाश निसटते यावरच लिफ्टरचे सारे काम अवलंबून आहे. एकाचा प्लंजर दुसऱ्यात गेला तर तो अडकेल किंवा ऑइल भराभर सोडून देईल. शिवाय वापरलेला साधा लिफ्टर त्याच्याच लोबवर घासून बसलेला असतो, त्यामुळे तो परत त्याच जागी जायला हवा. एका वेळी एकच खोलावा आणि प्रत्येकाला क्रमांक घातलेला कप्पा असावा.

ऑइल गच्च भरण्याबद्दल माझ्या मताची गरज नाही. फोक्सवॅगनच्या ओव्हरहेड कॅम (कॅमशाफ्ट व्हॉल्व्हांच्या वर असलेल्या) इंजिनांच्या दुरुस्ती-पुस्तिकांमध्ये कॅमशाफ्ट बसवल्यानंतर सुमारे 30 मिनिटे इंजिन चालू करू नये अशी स्पष्ट सूचना आहे, कारण हायड्रॉलिक घटक, म्हणजे लिफ्टरसारखे हे ऑइलवर चालणारे भाग, खाली बसले नाहीत तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. ऑइल दाबले जात नसल्याने गच्च भरलेला लिफ्टर काही काळ ठोकळ्यासारखा वागतो. पुशरॉडच्या, म्हणजे लिफ्टरचा धक्का लांब दांड्याने रॉकर या तरफेपर्यंत आणि तिथून व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या इंजिनात अशा वेळी रॉकर जुळवायला गेलात तर प्लंजर खाली जाण्याऐवजी व्हॉल्व्हच जागेवरून उचलला जातो, कॉम्प्रेशन मिळत नाही, आणि माणूस नसलेला दोष हेडमध्ये शोधत बसतो. लिफ्टरला ऑइल लागलेले असावे, हे बरोबर. पण प्लंजर दाबल्यावर हलला पाहिजे, आणि किती दाबून ठेवायचा ते त्या इंजिनाच्या पुस्तिकेतूनच घ्यावे.

पेट्रोलविषयी इतकेच की बंद खोलीत त्याची वाफ ठिणगीची वाट पाहत असते, तेव्हा भाग धुण्याचे सॉल्व्हंट वापरावे.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. साफसफाईने काही लिफ्टर खरोखरच सुधारतात, कारण पुष्कळदा दोष झिजेचा नसून प्लंजरला चिकटलेल्या चिकट थराचा किंवा आतल्या झडपेच्या गोळीखाली अडकलेल्या कचऱ्याचा असतो. सर्क्लिप काढून भाग क्रमाने मांडले, धाग्याचे तंतू न सोडणाऱ्या कापडाने पुसले आणि प्लंजर अडखळला नाही, तर तो लिफ्टर पुन्हा वापरता येईल. त्याची खरी परीक्षा गळतीच्या वेळेची, म्हणजे दाबाखाली आतला द्रव किती वेळात निसटतो याची असते आणि ती त्यासाठीच्या उपकरणावर, ठरवून दिलेल्या द्रवाने होते. अंगठ्याने दाबून फक्त अगदीच बाद झालेला ओळखू येतो.

आणि प्रत्येक टिकटिक लिफ्टरचीच असते असेही नाही. थंड इंजिन चालू करताना काही सेकंद आवाज येणे सामान्य आहे. सगळ्याच लिफ्टरमधून तो सतत येत असेल तर आधी ऑइलची पातळी आणि गेज लावून दाब पाहावा. एकाच जागेवरून येत असेल तर तिथला रॉकर, पुशरॉडचे टोक आणि एक्झॉस्टच्या गॅस्केटची गळती तपासावी, आणि मगच लिफ्टर बाहेर काढावा.