वैनी, तुम्ही फक्त हसा

माझं हसणं मोठं आहे. माहेरी आई म्हणायची, "हळू हास गं, वेशीपर्यंत ऐकू जातंय." सासरी आल्यावर सासूबाईंनी सांगितलं, "हसू आलं की पदर तोंडाशी धरत जा." तोंडाशी धरून धरून माझ्या सगळ्या लुगड्यांचे पदर आधी विरले. आणि आता गुडघे वाजायच्या वयात त्याच हसण्याला गिऱ्हाईक आलं, तेही घरातलंच.

आमच्या धाकट्या भाऊजींचा धंदा मंडप-डेकोरेशनचा. लग्नसराई संपली की हात रिकामे, आणि रिकाम्या हातांनी यंदा मुंबईच्या एका संगीत विनोदी नाटकाचा परभणीतला प्रयोग घेतला. दौऱ्याचा हिशोब साधा असतो. गावातला ठेकेदार ठरलेली रक्कम मोजून प्रयोग विकत घेतो. मंडळी सेटसकट बसनं येतात, रात्री प्रयोग करतात आणि पहाटे पुढच्या गावाला निघतात. तिकिटं खपली तर नफा ठेकेदाराचा, नाही खपली तर सगळ्या रिकाम्या खुर्च्याही त्याच्याच. परभणीत तिकीट खपवणं म्हणजे काय, हे ज्यानं खपवलंय त्यानंच सांगावं. माणूस आधी विचारतो "पास हाय का?", मग विचारतो "किती पास हाईत?" आणि नाटकाचं नाव सगळ्यात शेवटी.

भाऊजींना पैशापेक्षा दुसराच घोर लागला होता. नाटकाचे व्यवस्थापक फोनवर सहज बोलून गेले, "तुमच्याकडे मराठवाड्यात हशा जरा उशिरा येतो हो. कलाकार हवालदिल होतात." फोन ठेवला आणि भाऊजींच्या तोंडाचा पट्टा सुटला. "ज्या मराठवाड्याच्या लक्ष्मण देशपांड्यांनी एकट्यानं बावन्न पात्रं उभी करून 'वऱ्हाड निघालंय लंडनला' साता समुद्रापार नेलं, त्या मराठवाड्याला हे हसायचं शिकवायलेत!" हे सगळं फोन ठेवल्यावर. फोन चालू असताना ते फक्त "हाव, हाव" म्हणत होते.

मग माझ्याकडे आले. मंडपाच्या बिलाच्या पाठीमागे तीन जागा लिहून आणल्या होत्या. पहिली, लोकलचा विनोद. दुसरी, न्हाणीघरातलं गाणं. तिसरी, जमीन विकल्याचं वाक्य. म्हणाले, "वैनी, मधल्या रांगेत बसायचं आन् या तीन ठिकानी हसायचं. एकदा तुमी सुरू केलं की पब्लिक आपोआप येतंय मागं. तुमी फक्त हसा."

हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "घरात फुकट हसतेच आहे."

प्रयोगाची वेळ साडेआठची. नऊला सत्कार सुरू झाले. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, मग ज्यांचा सत्कार झाला त्यांच्याकडून ज्यांनी केला त्यांचा. नाटक विनोदी आहे हे एव्हाना सगळ्यांना पटलं होतं. मग दिवे मंदावले, तिसरी घंटा झाली आणि नांदी सुरू झाली. १८८० साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आलं, तेव्हापासून संगीत नाटकात या नांदीचा मान मोठा. आमच्याकडे तो जरा जास्तच राखला गेला. पहिल्या रांगेतले एक साहेब प्रार्थना समजून उठून उभे राहिले. साहेब उठले म्हणून त्यांची माणसं उठली. ती उठली म्हणून अख्खं सभागृह उठलं. नांदी संपली, नायक नाचत नाचत आला, तरी साहेब उभेच. शेवटी विंगेतून कुणीतरी हातवारे केले तेव्हा ते बसले आणि आम्ही सुटलो.

त्यानंतर पंख्यांचा प्रश्न निघाला. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४४च्या पुढे जातो. पंखे लावले तर संवाद ऐकू येत नाहीत, बंद केले तर ऐकायला माणूस शुद्धीवर राहत नाही. डावीकडून "पंखे लावा!", उजवीकडून "पंखे बंद करा!" नायिका आपल्या वडिलांना निक्षून सांगत होती की लग्न करीन तर याच्याशीच, आणि सभागृह पंख्यांवर अडून बसलं होतं. शेवटी निम्मे चालू, निम्मे बंद असा तोडगा निघाला. नायिकेच्या लग्नाचं मात्र लोंबकळत राहिलं.

माझी पहिली जागा आली. नायक धावत येतो, सासरा विचारतो, "एवढा उशीर?" नायक म्हणतो, "स्लो समजून फास्टमध्ये चढलो, कांजूरमार्गऐवजी थेट ठाण्याला उतरलो!" आणि हशासाठी थांबतो. परभणी जंक्शनवर बसणाऱ्या माणसाला हे काय कळणार? आम्हाला तपोवन माहीत आहे, देवगिरी माहीत आहे. गाडी स्लो की फास्ट हा आमचा प्रश्नच नसतो, गाडी आली का, एवढंच आम्ही विचारतो. सभागृह शांत. कोपऱ्यातून भाऊजींनी रुमाल हलवला. मी हसले. पूर्ण ताकदीनं, पदर न धरता.

सातशे-आठशे माणसं मागे वळून माझ्याकडे बघायला लागली. पुढच्या रांगेतल्या बाईनं शेजारणीला विचारलं, "कोन हाय गं ही?" "मंडपवाल्याची भावजय." "आसं व्हय," म्हणत ती बाई पुन्हा पुढे वळली, पण ज्या नजरेनं वळली ती मी अजून विसरले नाही. नायकानं मात्र माझ्या दिशेनं कमरेत वाकून नमस्कार केला. यांनी खुर्ची दोन बोटं पलीकडे सरकवली.

दुसऱ्या जागेला माझी गरजच पडली नाही. नायक न्हाणीघरात शॉवरखाली उभा राहून गातो, बाहेरून नायिका गाते, असं ते द्वंद्वगीत. चाल खरंच गोड होती. गाण्याच्या मागे ध्वनिमुद्रित शॉवरचा आवाज सुरू झाला, झुळझुळ, झुळझुळ, आणि सुरूच राहिला. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, पाणी वाहतंच आहे. माझ्या आजूबाजूची माणसं अस्वस्थ व्हायला लागली. आमच्याच शेजारच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येणार हे पंचांगातही सापडत नाही, आणि इथं हा गडी साबण न लावता दोन कडवी न्हातोय! मागून टोपीवाले एक काका उठलेच. "आरं, गानं म्हन की, पर आधी तो नळ बंद कर!"

सभागृह फुटलं. नायक मुरलेला होता, त्यानं गाता गाता नळ पिळल्याचा अभिनय केला. पण आवाजाच्या टेबलापाशी बसलेल्या पोराला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. नळ बंद, पाणी चालू. काका पुन्हा उठले, "वायसर गेलंय त्याचं! उद्या सकाळी मानूस पाठवतो!" नायिका दाराबाहेर गात होती, ती भिंतीकडे तोंड करून हसायला लागली. मीही हसले, पण या वेळी माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

गाणं संपलं आणि एका बाजूच्या खुर्च्यांतून आवाज आला, "मुकर्रर! मुकर्रर!" तिथे आमच्या गावातले मुशायऱ्याचे जुने शौकीन बसले होते. शेर आवडला की तो पुन्हा म्हणवून घ्यायचा, ही त्यांची रीत. बालगंधर्वांच्या काळात लोक त्याच हक्कानं 'वन्समोअर' म्हणायचे आणि नाटक मध्यरात्र उलटून जायचं. तेव्हा ऑर्गनवाला समोर बसलेला असायचा, त्याला डोळ्यानं खुणावलं की काम भागायचं. आता सगळं संगीत आधीच भरून आणलेलं. नायकानं टेबलाकडे हात केला, पोरगं गडबडलं, काहीतरी दाबलं, आणि सभागृहात ढगांचा कडकडाट झाला. तो दुसऱ्या अंकातला पाऊस होता. धो धो पाऊस पडायला लागला आणि आमच्या लोकांनी त्या पावसाला इतक्या टाळ्या वाजवल्या, तेवढ्या गाण्यालाही वाजवल्या नव्हत्या. कुणीतरी ओरडलं, "ऱ्हाऊ द्या, बंद करू नका!"

इथपर्यंत सगळं मजेतच चाललं होतं. मग तिसरी जागा आली.

नायकाचा मित्र गावाकडून आलेला दाखवला होता. धोतर, बावळट चाल, प्रत्येक वाक्याला हशा. तो म्हणतो, "गावची सहा एकर विकली आणि मुंबईत सहा बाय सहाची खोली घेतली! आता झोपताना पाय शेजाऱ्याच्या घरात!" आणि थांबतो. मुंबई-पुण्यात इथं घर डोक्यावर घेतात म्हणे. भाऊजींचा रुमाल हलला. मी तोंड उघडलं. आवाज निघेना. माझ्या उजवीकडे बसलेल्या माणसानं गुडघ्यावरचे हात एकमेकांत घट्ट धरले होते. सगळं सभागृह गप्प. चालू असलेल्या निम्म्या पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. नट तसाच थांबला, हशाची वाट बघत. आणि मागून कुणीतरी, अगदी बाजारात विचारतात तशा आवाजात विचारलं,

"काय भावानं गेली?"

नटाला काही सुचेना. मग त्यानं पाय जुळवले, ती बावळट चाल सोडून सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "मातीमोल गेली, दादा."

"मंग कामून इकली?"

"बहिणीचं लग्न होतं."

मागून "हां" एवढंच आलं. आणि मग टाळ्या, सावकाश सुरू झालेल्या आणि बराच वेळ चाललेल्या. संहितेत त्या बिचाऱ्याला बहीण नव्हतीच. पुढच्या प्रवेशात तो स्वतःच म्हणतो की मी एकुलता एक, तेव्हा सगळ्यांनी ते मोठ्या मनानं सोडून दिलं. हशा उशिरा येतो म्हणणारे व्यवस्थापक विंगेत उभे होते, त्यांच्या हातातला चहा तसाच होता.

मध्यंतरात मिरचीची भजी आणि चहा. नाटकवाले मध्यंतरात काय करतात ते मला त्या दिवशी कळलं. नायक मेकअपसकट भाऊजींच्या पोरांना घेरून बसला होता. कुठला चौक, कुठला रस्ता खराब, तुमच्याकडे काय म्हणतात, सगळं विचारून घेत होता. दुसऱ्या अंकात पडदा वर गेला आणि त्याचं पहिलंच वाक्य, "मामा, जगात जर्मनी आणि भारतात परभणी!" छप्पर उडायचं बाकी राहिलं. उद्या नांदेडला हा नांदेडचं काहीतरी म्हणणार, परवा लातूरला लातूरचं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. माहीत असून टाळ्या दिल्या. पाहुणा आपल्या घरच्या भाजीला चांगलं म्हणाला, की ती अळणी आहे हे आपणही विसरतो, तसंच ते.

पण त्यानंतर नाटक आमच्या ताब्यात आलं ते आलंच. खलनायक कपाटात लपला, नायक त्याला सगळ्या घरात शोधतोय, आणि तीन वेगवेगळ्या रांगांतून, "आवं, कपाटात हाय!" नायक मुद्दाम पलंगाखाली बघतो. "पलंगाखाली न्हाई हो, कपाटात, कपाटात!" एका आजीबाईंना राहवेना. नातवाला म्हणाल्या, "जा रे, सांगून ये त्याला जवळ जाऊन." एकनाथांची भारुडं ऐकत आणि कीर्तनकाराला गजरानं साथ देत वाढलेला माणूस तिकीट काढलं म्हणून तोंडाला कुलूप लावून कसा बसेल? समोरचा बोलतोय म्हटल्यावर आपणही बोलायचं असतं, ही आमची समज. पडदा पडेपर्यंत नाटक ठरल्यापेक्षा तासभर लांबलं आणि त्यातली निम्मी वाक्यं खुर्च्यांमधून आली होती.

प्रयोग संपल्यावर मागे गर्दी. मुंबईत म्हणे लोक सेल्फी घेऊन जातात. आमच्याकडे सेल्फी घेतात आणि मग दुरुस्त्या सांगतात. मुशायरेवाल्यांपैकी एकानं नायकाला सांगितलं की तिसऱ्या गाण्याची पट्टी तुमच्या गळ्याला अर्धा स्वर चढी आहे. त्यानं मान्य केलं. एका बाईनं नायिकेला धरलं, "सासूला एवढं टाकून बोललीस, शेवटी माफी कामून न्हाई मागितली?" नायिका म्हणाली, "ताई, लेखकानं लिहिलं नाही." "मंग त्याचा नंबर दे."

भाऊजी हिशोबाची वही घेऊन खूश होते. नफा काय झाला ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. तेवढ्यात व्यवस्थापक घाईघाईनं आमच्याकडे आले. मी पदर सावरला. म्हटलं, आता माझ्या हसण्याचा उल्लेख होणार. यांनीही घसा साफ केला.

"अहो, ते टोपीवाले काका कोण? नळवाले?"

काका शेजारीच उभे होते, चपला शोधत.

"काका, उद्या नांदेड, परवा लातूर. येता का बसमध्ये? त्याच जागेला उठायचं, तेच बोलायचं."

काकांनी एक चप्पल घातली, दुसरी शोधली, मग विचारलं, "जेवन दोन टाइमचं का एका?"

"दोन्ही वेळचं."

"खिडकीची शीट पाहिजे. आन् लातूरला ते वायसरचं न्हाई चालायचं, तिथं टँकरचं बोलावं लागंल. त्याचे येगळे पैशे."