फेलोशिप म्हणजे कर्ज नव्हे, आणि त्यासाठी कुणी बाग गहाण मागत नाही

सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये सध्या एक मेसेज फिरतो आहे. "सावधान पालकांनो!" अशी सुरुवात आणि खाली मुद्दे. जीवशास्त्रात पुढे शिकणाऱ्यांना मिळणारी फेलोशिप हे खरं तर कर्ज असतं, पीएच.डी. अर्धवट सुटली तर सगळी रक्कम व्याजासकट वसूल होते आणि त्यासाठी आधीच सातबारा तारण घेतात. मुलीचं लग्न झालं की फेलोशिप बंद. खुल्या वर्गाला एक पैसाही नाही. परदेशात जायचं तर साठ लाख रोख हवेत. शेवटी एक फोन नंबर आणि "विनाकर्ज शिष्यवृत्तीसाठी आजच नोंदणी करा, फी फक्त दीड हजार."

हा मेसेज देवगडजवळ राहणाऱ्या माझ्या आतेबहिणीपर्यंत पोचला. तिची मुलगी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते आणि नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा फॉर्म भरायच्या तयारीत होती. ताईने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "अरे, ह्या खरा काय? बाग गहाण टाकूची लागतली?" भावोजींनी तोवर पोरीला सांगूनही टाकलं होतं की फॉर्म राहू दे, बी.एड. कर. ज्या माणसाने चक्रीवादळातून कलमं जगवली, त्याला तारण हा शब्द ऐकूनच धडकी भरणार. पण त्या एका खोट्या ओळीने पोरीचं पूर्ण वर्ष वाया गेलं असतं. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, नेट होऊन संशोधनाला गेलेली मुलं पाहिली आहेत, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी कर्जाचं बघू. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद (सीएसआयआर) आणि विद्यापीठ अनुदान आयोग (यूजीसी) यांच्या संयुक्त नेट परीक्षेत लाइफ सायन्सेस हा विषय आहे. त्यात जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळाली आणि पीएच.डी.ला प्रवेश झाला की दरमहा पैसे मिळतात. किती, हे केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या 26 जून 2023 च्या ज्ञापनात लिहिलेलं आहे: पहिली दोन वर्षं दरमहा 37,000 रुपये, त्यानंतर कामाचं मूल्यमापन होऊन एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) झाल्यावर 42,000. हे दर 1 जानेवारी 2023 पासून लागू झाले, त्याआधी ते 31,000 आणि 35,000 होते. वसतिगृह नसेल तर घरभाडे भत्ता वेगळा. पाच वर्षांचा हिशेब कागदावर मांडून बघा. पहिल्या दोन वर्षांचे 8 लाख 88 हजार, पुढच्या तीन वर्षांचे 15 लाख 12 हजार, मिळून 24 लाख. यातला एक रुपयाही परतफेडीसाठी दिलेला नसतो. शिक्षणाच्या खर्चासाठी मिळालेल्या शिष्यवृत्तीवर प्राप्तिकर लागत नाही, तशी तरतूद प्राप्तिकर कायद्यात आहे. जे मुळात उत्पन्न म्हणूनही धरलं जात नाही, त्याला हे लोक कर्ज ठरवतात.

सीएसआयआर याशिवाय वर्षाला 20,000 रुपये आकस्मिक खर्चासाठी देते. हे पैसे कुठे जातात ते सांगतो. भाट्याच्या खाडीत ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलात उतरून, चौकट टाकून, तिच्या आतले तिसऱ्या नि कालवं हे शिंपले मोजणारी मुलगी डोळ्यांसमोर आणा. नमुन्याच्या बाटल्या, फॉर्मॅलिन, होडीवाल्याचं भाडं, हे सगळं त्या 20,000 मधून जातं. बिलं जोडावी लागतात आणि मार्गदर्शकाची सही लागते. सातबारा लागत नाही.

नियम अर्थातच आहेत. काम पूर्णवेळ करायचं, सोबत दुसरी नोकरी करायची नाही, प्रगतीचा अहवाल द्यायचा, सोडायचं असेल तर रीतसर कळवायचं. नोकरी लागल्यावरही कुणी फेलोशिप उचलत राहिलं तर तेवढे पैसे परत मागतात, आणि ते योग्यच आहे. संशोधन पुढे सरकलं नाही म्हणून बापाच्या बागेवर बोजा चढवायची तरतूद मात्र कुठेही नाही.

मग हा गैरसमज आला कुठून? माझ्या मते दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या आहेत. बँकेचं शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक सहसा तारण मागते. दुसरं म्हणजे, जमशेटजी टाटांनी 1892 मध्ये सुरू केलेला जे. एन. टाटा एन्डाउमेंट परदेशातल्या उच्च शिक्षणासाठी जी मदत देतो ती कर्ज-शिष्यवृत्ती आहे, म्हणजे फेडायची आहे. ते हे उघड सांगतात. या दोन्हींचा जेआरएफशी काडीचाही संबंध नाही.

लग्नाचा मुद्दा मला कर्जाच्या मुद्द्याहून जास्त संताप आणतो, कारण आपल्याकडे तो लगेच पटतो. "पोरगी पंचविशीची झाली, आता कसली पीएच.डी." असं म्हणणाऱ्या घरांना हा मेसेज आयतं कारण पुरवतो. प्रत्यक्ष नियम याच्या अगदी उलट आहेत. जेआरएफच्या वयोमर्यादेत महिलांना पाच वर्षांची सवलत आहे. यूजीसीच्या 2022 च्या पीएच.डी. नियमावलीनुसार महिला संशोधकांना पीएच.डी. पूर्ण करायला दोन वर्षं जादा मिळतात आणि बाळंतपण व बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा घेता येते. लग्न झालेल्या, मूल झालेल्या मुलीने संशोधन सोडू नये म्हणून ही कलमं लिहिली आहेत. मुलीची फेलोशिप लग्नाने बंद होत नाही. ती बंद पडते ती सासर-माहेर मिळून तिला घरी बसवतात तेव्हा, आणि त्याचं खापर सरकारी नियमावर फोडू नका.

खुल्या वर्गाला काही नाही, हेही साफ खोटं. जेआरएफ गुणवत्तेवर मिळते, तिला उत्पन्नाची अट नाही. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची बीईटी परीक्षा आणि वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) जेआरएफ हे रस्तेही खुल्या वर्गातल्या मुलांना मोकळे आहेत. राखीव जागा आहेत आणि असायलाच हव्यात, पण त्यामुळे उरलेल्या जागा नाहीशा होत नाहीत. राज्यात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती पीएच.डी.ला अधिछात्रवृत्ती देतात. तिथल्या जाहिराती रखडतात, पैसे उशिरा येतात, मुलांना त्यासाठी आंदोलनं करावी लागली, हे खरं आहे. तो राग त्या दिरंगाईवर काढा. एका जातीच्या मुलाला दुसऱ्या जातीच्या मुलाविरुद्ध उभं करून आपल्या पोरांना काय मिळणार आहे?

परदेशाचं थोडक्यात. स्वखर्चाने मास्टर्स करायचं तर लाखो रुपये लागतात, नाकारत नाही. पण अमेरिकेत जीवशास्त्राच्या पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की बहुतेक विद्यापीठं फी माफ करतात आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल विद्यावेतन देतात. तिथल्या एनएसएफ या सरकारी विज्ञान संस्थेची पदवीधर फेलोशिप आपल्या मुलांना मिळत नाही, ती तिथले नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यापुरती आहे, म्हणून प्रवेशपत्रात विद्यापीठ स्वतः काय देतंय ते नीट वाचावं. जर्मनीत तर पीएच.डी.चा विद्यार्थी अनेकदा पगारी कर्मचारी म्हणूनच करारावर असतो.

आता मेसेजमधलं जे थोडं खरं आहे ते मान्य करतो. नेट न होता राज्यातल्या विद्यापीठात पीएच.डी.ला नाव नोंदवलं आणि दुसरी कुठलीच फेलोशिप नसली, तर महिन्याला हातात काही पडत नाही. यूजीसीची नेटशिवायची 8,000 रुपयांची मदत केंद्रीय विद्यापीठांत असते, आपल्याकडच्या राज्य विद्यापीठांत ती नाही. जेआरएफचे पैसेही दर महिन्याच्या एक तारखेला पडतील याची खात्री नसते, मुलं उसनवारीवर महिने काढतात. आणि एम.एस्सी.ची दोन वर्षं खरोखर ओढाताणीची असतात. त्या टप्प्यावर यूजीसीची पदव्युत्तर शिष्यवृत्ती आहे, वर्षातले दहा महिने दरमहा 15,000, पण देशभरात मिळून 10,000 जणांना. बारावीत बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलेल्यांसाठी मूलभूत विज्ञान शिकताना इन्स्पायरची वर्षाला 80,000 रुपयांची योजना आहे. बी.एस्सी.नंतर थेट बंगळुरूच्या आयआयएस्सीत किंवा एनसीबीएस या जीवविज्ञान संस्थेत एकात्मिक (एम.एस्सी. आणि पीएच.डी. एकत्र) पीएच.डी.ला गेलं तर पहिल्या वर्षापासून विद्यावेतन मिळतं. जागा मोजक्या, स्पर्धा जीवघेणी. नेट एका फटक्यात होईल अशी खात्री मी कुठल्याच पालकाला देणार नाही.

राहिला तो फोन नंबर. आधी सरकारी पैशांना कर्ज म्हणून घाबरवायचं आणि मग "विनाकर्ज" शिष्यवृत्तीसाठी दीड हजार मागायचे, यासाठीच सगळा मेसेज रचलेला दिसतो. नेटचा अर्ज ती परीक्षा घेणाऱ्या एनटीए या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर मुलगी स्वतः भरते, जी काही परीक्षा फी असेल ती तिथेच भरते. मध्ये कुणाची नोंदणी लागत नाही. आधार क्रमांक, बँकेचं पासबुक किंवा ओटीपी त्या नंबरवर कुणी पाठवला असेल तर आजच बँकेत जा आणि 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करा.

ताईच्या मुलीचा फॉर्म भरून झाला आहे. भावोजींना मी विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचं ते ज्ञापन छापून दिलं, त्यांनी चष्मा लावून आकडे दोनदा वाचले आणि कागद स्वतःकडे ठेवून घेतला. ज्यांनी ज्यांनी हा मेसेज पुढे ढकलला, त्यांनी ज्या गटात तो टाकला त्याच गटात आता तो खोटा असल्याचं लिहावं. नुसता डिलीट करून भागणार नाही, कारण वाचलेल्यांपैकी कुणाची तरी मुलगी अजून फॉर्म न भरता बसली असेल.