बोस्टन हरलं ते बकनरच्या पायांमधून नव्हे

परवा भाच्याने एक व्हिडिओ पाठवला, जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. रात्रीचं मैदान. मोठ्या मिशांचा, घोट्याच्या वरपर्यंत येणारे काळे बूट घातलेला एक खेळाडू वाकतो, सरपटत आलेला चेंडू त्याच्या दोन पायांमधून मागे निघून जातो आणि समोरचा संघ उड्या मारायला लागतो. खालचा मजकूर थोडक्यात असा: १९८६ सालच्या बेसबॉल वर्ल्ड सिरीजचा अंतिम सामना बोस्टनने जिंकल्यातच जमा होता. तेवढ्यात बिल बकनरचं लक्ष विचलित झालं, हातातला सोपा चेंडू सुटला आणि त्या एका चुकीने विजेतेपद गेलं. त्याचं करिअर तिथेच संपलं आणि शहराने त्याला कधीच माफ केलं नाही.

इंग्रजीत ही गोष्ट इतकी वर्षं फिरते आहे की तिला म्हणीचं रूप आलं आहे. आता ती मराठीतही ‘एकाग्रतेचं महत्त्व’ म्हणून फॉरवर्ड होऊ लागली आहे. त्या सामन्याचा दहावा डाव मी कितीतरी वेळा चेंडूगणिक थांबवून पाहिला आहे, म्हणून सांगतो: चेंडू पायांमधून गेला हे सोडलं तर या मजकुरातलं बहुतेक सगळं चूक आहे. आणि ज्याच्या नावावर ते खपवलं जातं, तो माणूस २७ मे २०१९ रोजी वारला. त्याच्या वतीने कुणीतरी बोलायला हवं.

आधी ‘अंतिम सामना’. वर्ल्ड सिरीज म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या विजेतेपदाची मालिका, जास्तीत जास्त सात सामन्यांची, चार जिंकेल तो विजेता. हा चेंडू सुटला तो सहाव्या सामन्यात, २५ ऑक्टोबर १९८६ च्या रात्री, न्यू यॉर्कच्या शे स्टेडियमवर. त्याआधी बोस्टन रेड सॉक्स न्यू यॉर्क मेट्सच्या ३–२ असं पुढे होतं, त्या रात्रीनंतर ३–३ झालं. सातवा सामना बाकी होता. दुसऱ्या दिवशी पाऊस पडला, सामना एक दिवस पुढे गेला आणि त्याचा फायदा बोस्टनलाच झाला. मालिकेत मेट्सला दोनदा हरवणारा पिचर (चेंडू टाकणारा) ब्रूस हर्स्ट त्यांना पुन्हा वापरता आला. २७ तारखेला दुसऱ्याच डावात बोस्टन ३–० ने पुढे होतं! सहाव्या डावात मेट्सने बरोबरी केली, सातव्यात रे नाइटने होम रन मारला (चेंडू थेट मैदानाबाहेर) आणि सामना ८–५ असा गेला. विजेतेपद गेलं ते इथे. या सातव्या सामन्याच्या आठव्या डावात बोस्टनने दोन धावा काढून अंतर एकावर आणलं, आणि त्या दोन धावांपैकी एक धाव पूर्ण करणारा खेळाडू होता बिल बकनर. ही क्लिप कुणी पाठवत नाही.

आता खरा मुद्दा, ‘जिंकल्यातच जमा होतं’. इथे जरा तपशिलात जाऊ या, कारण सगळा अन्याय याच काही मिनिटांत दडलेला आहे.

ठरलेल्या नऊ डावांनंतर धावा ३–३, म्हणून जादा डाव. दहाव्या डावात बोस्टनने आधी बॅटिंग केली. डेव्ह हेंडरसनचा होम रन, मग आणखी एक धाव: ५–३. मेट्सचे पहिले दोन बॅटर, बॅकमन आणि हर्नांडेझ, झेल देऊन बाद. बेसबॉलमध्ये तीन बाद झाले की डाव संपतो, म्हणजे बोस्टनला फक्त एक आउट हवा होता. १९१८ नंतरचं पहिलं विजेतेपद! शेच्या स्कोअरबोर्डवर बोस्टनच्या अभिनंदनाचा मजकूर क्षणभर झळकूनही गेला.

पिचिंग करत होता कॅल्व्हिन शिराल्डी, २४ वर्षांचा, आदल्या वर्षीपर्यंत मेट्सचाच खेळाडू. गॅरी कार्टरने त्याला फटका मारून पहिला बेस गाठला. (बेस चार; चौथा म्हणजे ‘घर’, तिथे पोचलं की एक धाव.) मग केव्हिन मिचेलने. मग रे नाइटवर दोन स्ट्राइक झाले (तीन स्ट्राइक म्हणजे बाद). अजून एक स्ट्राइक, की संपलं. नाइटनेही चेंडू मोकळ्या जागेत टाकला. कार्टर धावून घरी आला, ५–४. मिचेल तिसऱ्या बेसवर. प्रशिक्षक जॉन मॅकनमारा यांनी शिराल्डीला काढलं आणि बॉब स्टॅनलीला आणलं. समोर मूकी विल्सन.

विल्सन आणि स्टॅनली यांची ती झुंज दहा चेंडूंची होती. विल्सनलाही बाद करायला एकच स्ट्राइक हवा होता, पण तो चेंडूमागून चेंडू बाहेर तटवत राहिला. सातवा चेंडू स्टॅनलीने इतका आत टाकला की विल्सनने पाय वाचवण्यासाठी अंग अक्षरशः हवेत मुडपलं. बॅटरमागे चेंडू झेलणाऱ्या कॅचर रिच गेडमनला तो अडवता आला नाही. चेंडू मागे गेला, मिचेल तिसऱ्या बेसवरून घरी पोचला. ५–५.

इथे व्हिडिओ थांबवा. धावा समान झाल्या आहेत. दोन धावांची आघाडी गेली आहे. आणि मेट्सच्या या बॅटिंगमध्ये अजून एकही फटका बकनरकडे आलेला नाही.

त्यानंतर तिसऱ्या चेंडूवर तो प्रसिद्ध सरपटी फटका आला, बकनरच्या पायांमधून गेला, दुसऱ्या बेसवरचा नाइट घरी आला, ६–५. बकनरने तो चेंडू अडवून आउट केला असता, तर काय झालं असतं? अकरावा डाव सुरू झाला असता. बोस्टन जिंकलं नसतं, बरोबरीत राहिलं असतं, इतकंच. तीन लागोपाठ फटके खाणारा शिराल्डी आणि वाकडा चेंडू टाकणारा स्टॅनली यांची नावं आज बोस्टनबाहेर कुणाला आठवत नाहीत. मला त्यांच्यावरही खापर फोडायचं नाही. पण आघाडी कशी गेली हे सांगायचंच असेल तर ती या क्रमाने गेली.

‘लक्ष विचलित झालं’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं.

बकनर तेव्हा ३६ वर्षांचा होता. १९७५ साली लॉस एंजेलिस डॉजर्सकडून खेळताना त्याचा डावा घोटा दुखावला, त्यात जंतुसंसर्ग झाला, आणि तो घोटा पुन्हा कधी धड झाला नाही. त्याआधी तो डाव्या बाजूचा चपळ फील्डर होता. ८ एप्रिल १९७४ रोजी हँक ॲरनने ७१५ वा होम रन मारून बेब रूथचा विक्रम मोडला, त्या चित्रफितीत डाव्या बाजूच्या जाळीवर चढून चेंडू गाठू पाहणारा तरुण पोरगा बकनरच आहे. घोटा गेल्यावर तो फर्स्ट बेसवर आला, कारण तिथे कमी धावावं लागतं. १९८६ पर्यंत तर सामन्याआधी आणि नंतर पाय तासन् तास बर्फात ठेवल्याशिवाय त्याला खेळता येत नव्हतं. ते उंच बूट त्यासाठीच होते.

हे मॅकनमारांना पुरतं ठाऊक होतं. म्हणूनच त्या मालिकेत बोस्टनने जिंकलेल्या तिन्ही सामन्यांत, पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्यात, शेवटी आघाडी सांभाळायची वेळ आली तेव्हा बकनरला बाहेर बसवून डेव्ह स्टेपल्टनला फर्स्ट बेसवर उभं केलं होतं. सहाव्या सामन्यात दोन धावांची आघाडी असताना तसं केलं नाही. स्टेपल्टन डगआउटमध्येच बसून राहिला. हा निर्णय प्रशिक्षकाचा होता. ज्याला नीट धावता येत नव्हतं त्याने ‘मला काढा’ असं म्हणायला हवं होतं, असं कुणी म्हणत असेल तर त्याने आयुष्यात कधी खेळाडू जवळून पाहिलेला नाही.

आणि ‘सोपा’ म्हणाल तर, विल्सन हा त्या संघातल्या सगळ्यात वेगवान खेळाडूंपैकी एक. बकनर बेसच्या बराच मागे उभा होता. चेंडू अडवून झाल्यावर त्याला एक तर स्वतः बेसकडे पळायचं होतं, नाहीतर धावत येणाऱ्या स्टॅनलीकडे फेकायचा होता. अडवलेल्या चेंडूवर विल्सन आउट झाला असता की नाही, यावर ते खेळाडूच पुढे कित्येक वर्षं वाद घालत होते. चूक झाली, नोंदवहीत ती बकनरच्या नावावर लागली आणि ते बरोबरच आहे. पण ‘हातातला’ चेंडू तो नव्हता.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी, कारण ती न सांगणं म्हणजे मीही अर्धीच क्लिप दाखवल्यासारखं होईल. त्या मालिकेत बकनरची बॅटिंग वाईट झाली. ३२ संधींत ६ फटके. सहाव्या सामन्यात तर एकही नाही. आठव्या डावात तिन्ही बेस भरलेले असताना तो झेल देऊन बाद झाला. बकनरचा दोष दाखवायचाच असेल तर तो तिथे दाखवा. मात्र त्या रात्री बोस्टनचे एकूण १४ धावपटू बेसवर अडकून राहिले, हेही सोबत सांगा. फटका न लागल्याची क्लिप बनत नाही, पायांमधून गेलेल्या चेंडूची बनते.

हा खेळाडू साधासुधा नव्हता हे ओघाने आलंच, पण आकडे सांगतो. २२ मोसम, १९६९ ते १९९०. २,७१५ फटके. १९८० साली शिकागो कब्सकडून ०.३२४ च्या सरासरीने नॅशनल लीगचं (दोन मुख्य लीगांपैकी एक) बॅटिंगचं अव्वल स्थान. सबंध कारकिर्दीत स्ट्राइकआउट फक्त ४५३ वेळा, आणि एका सामन्यात तीनदा स्ट्राइकआउट एकदाही नाही. फील्डिंगचं म्हणाल तर १९८५ साली, त्याच दुखऱ्या पायावर, त्याने फर्स्ट बेसवरून १८४ असिस्ट केले (चेंडू फेकून सहकाऱ्याकरवी बाद करणं), त्या जागेवरचा तेव्हाचा विक्रम. चुकीच्या आदल्याच वर्षी! आणि ज्या १९८६ मुळे तो बदनाम झाला, त्या मोसमात त्याच्या बॅटने १०२ धावा घरी आणल्या. त्या धावांशिवाय बोस्टन वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचलं असतं का?

‘करिअर तिथेच संपलं’ हे निव्वळ खोटं आहे. तो त्यानंतर चार मोसम खेळला: बोस्टन, मग कॅलिफोर्निया एंजल्स, मग कॅन्सस सिटी रॉयल्स, आणि १९९० साली पुन्हा बोस्टन. त्या वर्षी हंगामाच्या पहिल्या घरच्या सामन्यात बोस्टनच्या मैदानाने, फेनवे पार्कने, उभं राहून टाळ्या वाजवत त्याचं स्वागत केलं. त्याच एप्रिलमध्ये त्याने त्या घोट्यावर चारही बेस पळून मैदानातल्या मैदानात होम रन काढला. कारकिर्दीतला तो शेवटचा.

शहराबद्दलचा दावा तेवढा अर्धा खरा आहे. त्याला फार सोसावं लागलं. टोमणे, धमक्या, मुलांसमोर होणारी चेष्टा. शेवटी त्याने ते सगळं मागे टाकून आयडाहोत घर केलं. बोस्टनला ही सवय जुनी होती. १९४६, १९६७, १९७५ आणि १९८६, चारही वेळा ते सातव्या सामन्यात हरले, आणि १९४६ च्या पराभवासाठी जॉनी पेस्की नावाच्या शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला फील्डर) जन्मभर ऐकावं लागलं, की त्याने चेंडू क्षणभर हातात धरून ठेवला. दहा-वीस हातांनी मिळून गमावलेली गोष्ट एका हाताच्या नावावर लिहिली की हरणाऱ्यांना झोप लागते.

आपल्याला तरी हे वेगळं वाटायला नको. त्याच वर्षी, १८ एप्रिल १९८६ रोजी, शारजात चेतन शर्माच्या शेवटच्या चेंडूवर मियांदादने षटकार मारला. पाकिस्तानला त्या चेंडूवर चार हव्या होत्या. चार हव्यात इतकी वेळ येईपर्यंत इतर गोलंदाजांनी किती दिल्या, हे कुणी विचारलं नाही. पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १९८७ ला, याच चेतन शर्माने नागपुरात न्यूझीलंडच्या तिघांचे लागोपाठ त्रिफळे उडवून विश्वचषकाच्या इतिहासातली पहिली हॅटट्रिक घेतली. नागपुरात त्या दिवशी मैदानावर असलेले लोक अजून ती सांगतात. बाकी ठिकाणी चेतन शर्मा म्हटलं की शारजाच निघतं.

आणि ‘कधीच माफ केलं नाही’? २००४ साली बोस्टनने ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली, २००७ साली पुन्हा. २००८ च्या हंगामात फेनवेवरच्या पहिल्या सामन्याचा मानाचा पहिला चेंडू टाकायला त्यांनी बकनरला बोलावलं. तारीख होती ८ एप्रिल. बरोबर ३४ वर्षांपूर्वी याच तारखेला तो ॲरनच्या होम रनमागे जाळीवर चढला होता. फेनवेच्या डाव्या भिंतीकडून तो एकटा चालत पिचरच्या उंचवट्यापर्यंत आला, सगळं मैदान उभं होतं, आणि तो डोळे पुसत होता. चेंडू झेलायला समोर वाकला होता ड्वाइट एव्हान्स, १९८६ च्या त्याच संघातला, सातव्या सामन्यात ज्याच्या फटक्यावर बकनर धावून घरी आला होता तो.